ताप, खोकला, जुलाब: नव्या आईबाबांनी घरी काय करायचं आणि डॉक्टरांकडे कधी निघायचं

पहिल्या पाच वर्षांत मूल सर्वांत जास्त वेळा आजारी पडतं ते ताप, खोकला आणि जुलाब यांपैकी एका कारणानं. बहुतेक दुखणी विषाणूंमुळे येतात आणि आपोआप बरी होतात. तोवर पालकांचं काम दोनच गोष्टींचं असतं: मुलाच्या अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, आणि दुखणं साधं राहिलेलं नाही हे वेळेत ओळखायचं. या दोन्हींसाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. लागतं ते घड्याळ, वजनाचा आकडा आणि काय बघायचं याची माहिती. हा लेख साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर मर्यादा बऱ्याच आधी ओलांडली जाते. त्या मुलांचे नियम त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. मूल बरं असतानाच करून ठेवायची तयारी

रात्री दोन वाजता शोधाशोध नको, म्हणून हे एका डब्यात ठेवा:

- डिजिटल थर्मामीटर. काचेचा, पाऱ्याचा असेल तर तो वापरातून काढा. फुटला तर पाऱ्याची वाफ विषारी असते.
- ५ मिलीची आणि १० मिलीची तोंडाने औषध पाजायची सिरिंज, अर्थात सुईविना.
- पॅरासिटामॉलचं एकच औषध, एकाच ताकदीचं. घरात दोन वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या असल्या की चूक हमखास होते.
- ओआरएसची (जुलाबात पाण्यात मिसळून द्यायच्या क्षार-साखरेच्या पावडरची) चार-पाच पाकिटं आणि एक लिटरची खूण असलेलं भांडं किंवा बाटली.
- नाकात घालायचे सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब.
- एक वही: त्यात महिन्यातून एकदा घेतलेलं वजन, ॲलर्जी, चालू औषधं. लसीकरण कार्ड तिच्यातच ठेवा.

वजनाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण मुलांचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं. घरी वजन करायचं तर आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग मुलाला घेऊन, आणि वजाबाकी करा. सहा-सात किलोच्या बाळाच्या बाबतीत यात फरक पडू शकतो, म्हणून लसीकरणाच्या वेळी घेतलेला आकडा जास्त विश्वासाचा.

२. थर्मामीटरच्या आधी मुलाकडे बघा

१०३ ताप असलेलं मूल औषधानंतर उठून खेळत असेल तर ते १०१ तापात निपचित पडलेल्या मुलापेक्षा कमी काळजीचं आहे. तापाचा आकडा आजार किती गंभीर आहे हे सांगत नाही. मुलाचं वागणं सांगतं. तीन प्रश्न विचारा: नजर देतंय का, पितंय का, शू होतेय का?

पुढचं एकही लक्षण दिसलं तर घरचे उपाय बाजूला ठेवा आणि निघा:

- मूल जागं होत नाही, किंवा जागं झाल्यावर ओळख देत नाही, अंग ढिलं टाकतं
- काहीच पीत नाही, किंवा पोटात गेलेलं सगळंच उलटून टाकतं
- श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ निळसर दिसतात
- आकडी आली
- मान ताठ, किंवा बाळाची टाळू शांत असतानाही फुगलेली
- तापात अंगावर लाल-जांभळे ठिपके, जे पारदर्शक ग्लास दाबून धरला तरी फिके होत नाहीत
- उलटी हिरवी, किंवा शीमध्ये रक्त
- आठ तासांत शू नाही (एक वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तास)

ग्लासची चाचणी नीट समजून घ्या. साधं विषाणूजन्य पुरळ ग्लास दाबल्यावर नाहीसं होतं. जे दिसतच राहतं ते त्वचेखालच्या रक्तस्रावाचं असू शकतं, आणि मेंदूज्वरासारख्या आजारात तासांचा हिशेब असतो.

३. ताप बरोबर मोजणं

घरी काखेत मोजणं सोपं आणि सुरक्षित. काख कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या अगदी मध्ये ठेवा, हात छातीशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत सोडू नका. आंघोळ झाल्यावर, रडून दमल्यावर किंवा दुपट्यातून नुकतंच बाहेर काढल्यावर लगेच मोजू नका, १५ ते २० मिनिटं जाऊ द्या. हात लावून 'कढत लागतंय' म्हणणं मोजमाप नव्हे. हात थंड असेल तर प्रत्येक कपाळ गरमच लागतं.

१००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस, आणि तिथून पुढे ताप. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी येतं, पण ते मनाने वाढवून सांगू नका. डॉक्टरांना दिसलेला आकडा आणि 'काखेत मोजलाय' एवढं सांगा.

वयानुसार मर्यादा अशी:

तीन महिन्यांच्या आतलं बाळ: १००.४ ताप म्हणजे थेट दवाखाना, बाळ कितीही छान दिसत असलं तरी. या वयात गंभीर जंतुसंसर्गाची बाहेरून दिसणारी खूण कधीकधी तापच असतो. काखेत ९९.५ च्या वर दिसलं तरी डॉक्टरांना फोन करा. उलट बाळ गार पडलं, ९५.९ च्या खाली गेलं, तर तीही तेवढीच धोक्याची खूण आहे. या वयात आधी पॅरासिटामॉल देऊन 'बघू' असं करू नका.

तीन ते सहा महिने: १०२.२ (३९ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा.

सहा महिन्यांच्या पुढे: मूल पितंय, मधूनमधून खेळतंय तर दोन दिवस घरी थांबायला हरकत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलेला ताप तपासून घ्यायचाच. आणि ताप उतरून एक-दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा चढला, तर तो जुनाच ताप आहे असं समजू नका. सर्दीमागून कानाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असाच येतो.

जिथे डेंगी असतो तिथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला पण पोट फार दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत किंवा मूल मलूल झालंय, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही.

४. पॅरासिटामॉलचा हिशेब

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मात्रा: एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलीग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

आता बाटली हातात घ्या आणि नावाऐवजी ताकद वाचा. पॅरासिटामॉल साधारण अशा ताकदींत मिळतं: ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम, ५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम, आणि बाळांसाठीचे थेंब, ज्यांच्या १ मिलीमध्येच १०० मिलीग्रॅम असतात. १० किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने १५० मिलीग्रॅम लागतील. म्हणजे:

- १२० च्या सिरपचे सुमारे ६ मिली
- २५० च्या सिरपचे ३ मिली
- थेंबांचे फक्त दीड मिली

लहान बाळासाठी असलेले थेंब सौम्य असतील असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. थेंब सर्वांत तीव्र असतात, कारण बाळाच्या पोटात थोडंच औषध जावं अशी ती रचना आहे. सिरपच्या सवयीने कुणी ६ मिली थेंब पाजले तर १५० च्या जागी ६०० मिलीग्रॅम जातात. पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृताला इजा करतो आणि पहिल्या दिवशी मूल बरंच वाटू शकतं, म्हणून असं झाल्यास लक्षणांची वाट न बघता बाटलीसह दवाखाना गाठा.

दुसरी चूक: सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. तापाचं एक, सर्दीचं एक असं देता देता दुप्पट होतं. लेबलावरची घटकद्रव्यं वाचल्याशिवाय दुसरी बाटली उघडू नका. तिसरी: घरातला चमचा. त्यात ५ मिलीच मावतात याची खात्री नसते. सिरिंज वापरा, गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडा, घशाकडे पिचकारी मारू नका. चौथी: आईने दिलं, तासाने आजीनेही दिलं. वहीत वेळ आणि मिली लिहायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

औषधाचा असर अर्ध्या ते एका तासात दिसू लागतो आणि ताप साधारण दीड-दोन अंश फॅरनहाइटने उतरतो. १०४ चा १०२ झाला म्हणजे औषधाने काम केलं. ९८.६ वर यायलाच हवं असा हट्ट धरला की पुढची मात्रा लवकर दिली जाते. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून आहे. ताप असूनही खेळत असेल तर दिलं नाही तरी चालतं, आणि झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका.

इबुप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध सहा महिन्यांच्या पुढे आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. मूल शुष्क पडलं असेल (अंगातलं पाणी कमी झालं असेल), उलट्या-जुलाब चालू असतील, कांजिण्या असतील किंवा डेंगीची शंका असेल तर ते नकोच. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी कधीच देऊ नये. विषाणूजन्य आजारात त्याने रे सिंड्रोम होऊ शकतो, ज्यात मेंदू आणि यकृत दोन्हींवर घाला येतो.

अंगावर एकच सैल सुती कपडा ठेवा. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडतं, आणि कुडकुडण्यात शरीर आणखी उष्णता तयार करतं. स्पिरिट चोळणं तर धोक्याचंच, ते त्वचेतून आणि श्वासातून अंगात जातं. उलट टोकाला जाऊन गोधडीत गुंडाळून घाम काढायलाही जाऊ नका.

५. तापात आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापाची आकडी येते. बघताना जीव जातोय असं वाटतं. पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मेंदूला कायमची इजा करत नाहीत.

लगेच घड्याळ बघा. मुलाला जमिनीवर कुशीवर निजवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, गळ्याशी कपडा सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. दातखीळ उघडायचा प्रयत्न करू नका. हातपाय दाबून धरू नका. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पाच मिनिटं उलटली, एकामागून एक झटके आले, किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. पहिलीच आकडी असेल तर एका मिनिटात थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं. वेळेवर पॅरासिटामॉल दिलं असतं तर आकडी टळली असती असं स्वतःला लावून घेऊ नका. तापाचं औषध आकडी रोखतं असं आढळलेलं नाही.

६. सर्दी-खोकला: श्वास मोजायला शिका

लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं सामान्य आहे. पाळणाघर सुरू झालं की आणखी. प्रत्येक सर्दी सात-दहा दिवस, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. विषाणूंवर ते चालतच नाही.

घरी करायचं ते थोडंच. नाक चोंदलेलं बाळ दूध ओढू शकत नाही, म्हणून पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक-दोन थेंब टाका. द्रवपदार्थ वारंवार द्या. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध चालतो, खोकला शमतो. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. खोकल्याची सिरप चार वर्षांच्या आत देऊ नका. फायदा सिद्ध नाही, दुष्परिणाम मात्र आहेत. कापराचे बाम दोन वर्षांच्या आत नकोत. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ देताना मुलं भाजतात, त्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य कसब. सर्दी छातीत उतरली का, हे खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही, श्वासाच्या वेगावरून कळतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोट-छाती उघडी करा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. पोट वर येणं आणि खाली जाणं मिळून एक. मिनिटाला इतके श्वास भरले तर वेग जास्त आहे:

- दोन महिन्यांच्या आत: ६० किंवा जास्त
- दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
- एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त

आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. ताप असेल तर उतरल्यावरही मोजा, कारण तापानेही श्वास वाढतो. तरीही जास्तच असेल तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी दाखवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तासही घालवू नका. बरगड्या आत ओढल्या जात असतील, नाकपुड्या फुलत असतील किंवा दम लागून दूध सोडत असेल, तर मोजत बसायची गरजच नाही.

७. उलट्या-जुलाब: ओआरएस नीट करणं आणि नीट पाजणं

जुलाबात मुलाचा जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जुलाब चटकन थांबवण्याचा हट्ट त्यामुळे चुकीचा. लोपेरामाइडसारखी जुलाब रोखणारी औषधं मुलांना देऊ नयेत.

पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते आधी वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. संपूर्ण पाकीट, संपूर्ण पाण्यात, एकदाच. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ पाचपट होतं आणि शरीरातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकणंही नको, पावडर सारखी विभागली जात नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, मिसळल्यावर उकळू नका, वरून साखर किंवा रस घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

आणि बाटलीवर 'ओआरएस'सारखं नाव आहे म्हणून गोड पेय घेऊ नका. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलीमोल सोडियम आणि तेवढंच ग्लुकोज असतं. हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. साखर जास्त झाली की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड पेयं आणि फळांचे डबाबंद रस यांचं नेमकं हेच होतं.

प्रत्येक पातळ शीनंतर द्यायचं प्रमाण: दोन वर्षांच्या आत ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांना १०० ते २०० मिली. वाटी-चमच्यानं, घाई न करता.

'पाजलं की उलटी होते' ही तक्रार जवळजवळ नेहमी घाईमुळे असते. तहानलेलं मूल ग्लासभर गटागटा पितं, पोट ताणतं, सगळं बाहेर. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा. मग दर एक-दोन मिनिटांनी ५ मिली, सिरिंजनेच. कंटाळवाणं काम आहे, पण तासात निदान दीडशे मिली पोटात जातं.

स्तनपान चालूच ठेवा, वारंवार पाजा. पावडरचं दूध नेहमीच्या प्रमाणातच बनवा, पातळ करू नका. नेहमीचं घन अन्न बंद करू नका. उपाशी ठेवल्याने आतड्याचं अस्तर भरून यायला उशीर होतो. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

झिंक हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग आणि तोच विसरला जातो. सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलीग्रॅम, पुढे २० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मात्रा डॉक्टरांकडून पक्की करून घ्या.

दर दोन तासांनी हे बघा: जीभ ओली आहे का, रडताना अश्रू येतात का, डोळे खोल गेलेत का, टाळू आत ओढली गेलीय का. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, सावकाश गेली तर शुष्कता आली आहे आणि मुलाला डॉक्टरांनी पाहायला हवं. तिथे साधारण दर किलोला ७५ मिली ओआरएस चार तासांत, नजरेखाली पाजतात. चिमटीतली घडी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहिली, मूल मलूल आहे किंवा पिऊच शकत नाही, तर शिरेतून सलाइन देण्याची वेळ आली आहे.

८. डॉक्टरांकडे जाताना

वही, लसीकरण कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि दिलेल्या सगळ्या बाटल्या सोबत घ्या. जुलाब असतील तर शेवटच्या शीचा फोटो, पुरळ असेल तर त्याचा फोटो. 'खूप ताप' म्हणण्याऐवजी सांगा: कधीपासून, सर्वांत जास्त किती, शेवटची मात्रा किती वाजता, २४ तासांत किती वेळा शू आणि शी, किती प्यायलं. लस कधी घेतली तेही सांगा. बहुतेक लसींचा ताप दोन दिवसांत उतरतो, गोवराच्या लसीचा मात्र पाच ते बारा दिवसांनी येऊ शकतो.

निघण्यापूर्वी विचारा: निदान काय वाटतं, कोणत्या लक्षणाला परत यायचं, आणि सुधारणा किती दिवसांत दिसली पाहिजे. 'स्ट्राँग औषध द्या' असा आग्रह धरू नका. आणि औषध न देता परत पाठवलं तर तपासणी वाया गेली असं मानू नका.

९. अँटिबायोटिक मिळालं असेल तर

मुलांचं बरंचसं अँटिबायोटिक कोरड्या पावडरच्या बाटलीत येतं. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या खाली अर्ध्यापर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. सगळं पाणी एकदम ओतलं तर फेसामुळे खूण चुकते आणि औषध पातळ किंवा घट्ट होतं. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. फ्रिजमध्ये ठेवायचं का आणि किती दिवसांनी टाकायचं हे लेबलावर असतं, बऱ्याच औषधांना सात दिवसच असतात. प्रत्येक वेळी हलवूनच द्या, नाहीतर सुरुवातीच्या मात्रा फिक्या आणि शेवटच्या तीव्र होतात. दोन दिवसांत ताप गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उरलेलं औषध पुढच्या आजारासाठी किंवा भावंडासाठी ठेवू नका.

औषधाने पुरळ उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, तर पुढची मात्रा देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. सुजेबरोबर श्वास लागत असेल तर थेट तातडीच्या विभागात न्या. औषधाचं नाव वहीत लाल शाईनं लिहा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा.